सुरंगीची साल

हळदीला चुन्याचे बोट लागताच ती लालबुंद होते, हे आपल्याकडे परकऱ्या पोरीलाही ठाऊक असते. परंतु आम्ल आणि क्षार यांच्या ह्याच व्यवहारावर खानदेशातील एक जुना धंदा उभा होता, याचे स्मरण जळगाव-धुळ्याकडील जाणत्यांनाही आता क्वचितच उरले आहे. आल नावाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून तांबडा रंग काढून खारव्यासारखे जाडेभरडे कापड रंगविण्याचा तो धंदा. मुंबईच्या पेठेत ह्या मुळांना सुरंगी म्हणत. कोकणातल्या वेणीतील सुरंगीशी मात्र हिचे काही नाते नाही.

काळ्या जमिनीत पेरलेले हे झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी खोल खणून मुळासकट उपटावे लागे. रंग सालीतच असतो आणि आतले लाकूड निरुपयोगी, म्हणून बोटाहून बारीक मुळांना भाव अधिक मिळे आणि जाड मुळे जवळजवळ टाकाऊ ठरत. मराठेशाहीत रंगाऱ्यांसारख्या कसबी लोकांकडून मोहतर्फा हा कर वसूल होई, यावरून सरकारची नजर ह्या मिळकतीवर होती हे उघड आहे. यावल तालुक्यातील फैजपूर, जिथे 1936 साली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, ते त्यापूर्वी कितीतरी काळ छापील कापड, नीळ आणि तांबडा रंग यांकरिताच नावाजलेले होते.

कृती मोठ्या चिकाटीची होती. कापड प्रथम एरंडेल, मेंढ्यांच्या लेंड्या आणि पापडखार यांच्या कालवणात मळून उन्हात वाळवीत, आणि हा क्रम अनेक दिवस चाले. मग हिरड्याचे पाणी, त्यावर तुरटी, आणि सर्वांत शेवटी मुळांचा चुरा घातलेला हंडा मंद आचेवर चढे. लोणारच्या सरोवरातून निघणारा खारही रंगाऱ्यांच्या कामी येई.

ही विद्या परदेशी पंडितांना सहजासहजी उमगली नाही. सुरंजी या नावाने मुंबईहून ग्लासगोला गेलेल्या मुळांतून टॉमस अँडरसन याने 1848 साली मोरिंडिन हे द्रव्य वेगळे केले खरे, पण तेथील मुरब्बी छपाईवाल्यांनी आपल्या नेहमीच्या कापडावर ती मुळे वापरून पाहिली आणि हा रंगच नव्हे असा निकाल दिला. तेलाने व तुरटीने आधी संस्कारलेल्या कापडावर मात्र तोच रंग पक्का बसला. पुढे लीड्सच्या हमेल यांनी आणखी एक गोम दाखविली : मुळांत मोकळे आम्ल असते आणि ते पाण्याने धुऊन काढल्यावाचून किंवा खडूने मारल्यावाचून रंग चढत नाही. मला ह्यात नवल वाटते ते असे की, ज्याला आम्ल हा शब्दही ठाऊक नव्हता त्या रंगाऱ्याच्या कृतीत क्षाराची जागा आधीच नेमलेली होती.

1868 साली बर्लिनमध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठवर्गातील मुळांमधले ॲलिझरिन हे तांबडे रंगद्रव्य कृत्रिम रीतीने तयार केले, आणि थोड्याच वर्षांत ते डब्यांतून हिंदुस्थानच्या बाजारात आले. तीन-चार वर्षे जमीन अडवून ठेवणाऱ्या पिकाला दर हंगामाला रोकड देणाऱ्या कपाशीपुढे तग धरणे मुळातच अवघड होते. त्यात हा घाव पडला. तेल, खार, हिरडा, तुरटी हा क्रम मात्र पुष्कळ काळ तसाच चालू राहिला. शेवटच्या हंड्यात मुळांच्या चुऱ्याऐवजी डब्यातली भुकटी पडू लागली, इतकेच. आणि ते कापड नेसणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही लागला नाही.