फेअर यूज : ऑनलाइन व्हिडिओंविषयीचे गैरसमज

फेअर यूज म्हणजे टीका, वार्तांकन, अध्यापन, संशोधन अशा कारणांसाठी दुसऱ्याच्या कलाकृतीचा परवानगीविना केलेला वाजवी वापर. अमेरिकेच्या १९७६ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम १०७ मध्ये ही तरतूद आहे. वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारावरील परिणाम हे चार निकष न्यायालय एकत्रित तपासते.

‘दुसऱ्याचा व्हिडिओ तीस सेकंदांपर्यंत वापरला तर चालते’ हा सर्वांत रुजलेला गैरसमज. कायद्यात अशी मर्यादाच नाही. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने पाच मिनिटांच्या मूळ व्हिडिओतील तीन मिनिटांहून अधिक भाग वापरणारा टीकात्मक व्हिडिओ वैध ठरवला. मात्र प्रत्येक ‘रिअ‍ॅक्शन व्हिडिओ’ला हे संरक्षण मिळत नाही, हेही बजावले.

श्रेय दिले किंवा ‘उल्लंघनाचा हेतू नाही’ असे लिहिले, म्हणून परवानगी मिळत नाही.

हक्कधारकांवरही बंधन आहे. गायक प्रिन्सच्या गाण्यावर नाचणाऱ्या बाळाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ २००७ मध्ये यूट्यूबवरून हटवला गेला. त्या खटल्यात अपील न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले, की व्हिडिओ हटवण्याची नोटीस पाठवण्यापूर्वी हक्कधारकाने फेअर यूजचा विचार करायलाच हवा.

भारतात १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ लागू होते. त्यातील ‘फेअर डीलिंग’ची सवलत खासगी वापर व संशोधन, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींचे वार्तांकन एवढ्यापुरती आहे.