वऱ्हाडची लोकर आणि तिचे विसरलेले रंग

काळी घोंगडी ही आपल्या धनगर समाजाची सर्वमान्य ओळख होय. परंतु त्यावरून मेंढपाळाच्या घरी रंगाचे ज्ञान नव्हते, असा जो समज पसरला आहे, तो इतिहासास धरून नाही, हे समाजबांधवांच्या निदर्शनास आणणे आम्हांस अगत्याचे वाटते.

घोंगडीचा काळा रंग हा मुख्यत्वे मेंढीनेच दिलेला असतो. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, काळी वा करडी. एका मेंढीपासून वर्षाकाठी अर्ध्या किलोच्या आसपास मिळणारी. ती कातरावी, पिंजावी, कातावी, सुतास चिंचोक्यांची खळ द्यावी आणि मागावर चढवावी, असा हा क्रम. विणकामात खुटेकर व सनगर यांचा हातखंडा असे. अंगच्या सुतास रंगाची गरज नव्हती. रंग लागे तो काठांच्या पट्ट्यांना, आणि त्यासाठी पांढरी लोकर निराळी काढून ठेवावी लागे.

लोकर ही केसाप्रमाणेच प्राणिज असल्याने ती रंग सहज धरते. आलीचा तांबडा रंग कापसाच्या सुतावर बसविण्यास तेलाचे व शेणाचे कितीतरी संस्कार करावे लागत. लोकरीस ती यातायात नाही. रिठ्याच्या पाण्याने तिचा तेलकटपणा काढावा, तुरटीच्या पाण्यात मुरवावी आणि मग रंगाच्या पाण्यात मंद आचेवर ठेवावी. घाईने उकळल्यास अथवा चोळल्यास सूत गोळा होऊन निकामी होते. म्हणून हे काम धीराचे. पळसाच्या फुलांपासून पिवळा-केशरी, लाखेपासून किरमिजी, हिरडा व हिराकस यांपासून काळा रंग निघे. निळीचे पाणी टाकळ्याच्या बियांनी आंबवीत; मात्र त्यात चुना अधिक झाला तर लोकर जळते, हे अनुभवानेच कळे.

आता आपल्या भागाकडे वळू. चिखलीहून खामगावास जाणाऱ्या मार्गावर, बल्लाळदेवीच्या टेकडीने ओळखले जाणारे अमडापूर आहे. या बुलढाणा घाटावर माळ आहे, बाभूळ आहे, पळस आहे; म्हणजे मेंढीचा चारा आणि रंगाचे द्रव्य एकाच रानात. आलीची लागवडही पूर्वी वऱ्हाडात होत असे. तिची मुळे खणून रंगाऱ्यांस विकणे हा शेतकऱ्याचा एक व्यवसायच होता.

मग हे सारे लोपले कसे? 1856 साली इंग्लंडात पर्किन याने दगडी कोळशाच्या डांबरापासून पहिला कृत्रिम रंग काढला. 1868 साली जर्मनीत ग्रेबे व लीबरमान या रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठाचे तांबडे द्रव्य प्रयोगशाळेत सिद्ध केले. 1870 साली खामगावास लोहमार्ग पोहोचला. कापूस नेणाऱ्या त्याच मार्गाने परदेशी माल आत येऊ लागला. 1897 साली कृत्रिम नीळही बाजारात आली. चिमूटभर पुडीत जो रंग मिळे, त्यासाठी मुळे कोण खणणार? आलीची शेते मोडली, रंगारी इतर कामास लागले आणि मेंढपाळाच्या घरचे रंगज्ञान एका-दोन पिढ्यांत विरले. हा आपल्या अज्ञानाचा दोष नव्हे. व्यापाराच्या लाटेपुढे अवघ्या देशाचीच ही गत झाली.

परंतु आजचे संकट त्याहून गंभीर आहे. रंग गेला तेव्हा लोकर तरी होती. आज अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीही लोकरीच्या मोलातून सुटत नाही, आणि कातरलेली लोकर रानातच टाकून द्यावी लागते. मांसासाठी केसाळ जातींचा संकर वाढल्याने दख्खनी मेंढीही विरळ होत चालली आहे. 1962 साली राजस्थानात अविकानगर येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था निघाली. 1978 साली राज्यात मेंढी व शेळी विकास महामंडळ स्थापन झाले. तथापि घरातील वृद्धांच्या हाती उरलेली विद्या कोणतीही संस्था आपण होऊन उचलून नेणार नाही.

म्हणून आमची नम्र विनंती एवढीच: ज्यांच्या घरी जुनी काठाची घोंगडी असेल, त्यांनी ती जीर्ण म्हणून टाकू नये. ज्या आजीस सूत रंगविण्याची रीत ठाऊक असेल, तिच्या तोंडून ती लिहून घ्यावी. झाडाचे नाव, प्रमाण आणि ऋतू यांसह. पूर्वजांच्या पराक्रमाचे पोवाडे आपण गातोच. त्यांच्या हातांच्या ज्ञानाचीही नोंद झाली, तरच समाजाचा इतिहास पुरा होईल.