फिशर, बॉबी

(९ मार्च १९४३–१७ जानेवारी २००८). अमेरिकन बुद्धिबळपटू व अकरावा जगज्जेता (१९७२–७५). पूर्ण नाव रॉबर्ट जेम्स फिशर. १९८४ मध्ये त्याने ‘एन्सायक्लोपीडिया जुडाइका’ या ज्यू ज्ञानकोशाच्या संपादकांना पत्र लिहून आपले नाव कोशातून काढून टाकण्याची मागणी केली. आपण ज्यू नाहीच, असे त्याचे म्हणणे. आई मात्र ज्यू होती. कोशात राहण्यालाही ज्याच्या अटी होत्या, त्याच्या नोंदीत हे आधीच सांगितलेले बरे.

जन्म शिकागोचा, वाढ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली. तो सहा वर्षांचा असताना बहीण जोन हिने बुद्धिबळाचा एक स्वस्तातला संच आणला आणि सोबतचा नियमांचा कागद वाचून दोघे खेळायला शिकली. बहिणीला लवकरच कंटाळा आला, भावाला नाही. १९५६ मध्ये, तेराव्या वर्षी, डोनाल्ड बर्नविरुद्ध त्याने उंटाची एक शांत चाल करून आपला वजीरच मारू दिला. पुढे घोड्याने शहांमागून शह देत बर्नच्या सोंगट्या गोळा केल्या आणि ४१व्या चालीला मात दिली. हा ‘शतकातला डाव’ म्हणून ओळखला जातो. चौदाव्या वर्षी तो अमेरिकेचा विजेता झाला, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर. शाळा त्याने अर्ध्यावर सोडली. रशियन मात्र सोव्हिएत मासिके वाचण्यापुरते शिकून घेतले. १९६३–६४ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने अकरापैकी अकरा डाव जिंकले.

त्याची भांडणेही तेव्हापासूनचीच. १९६२ मध्ये क्युरसाओ बेटावरील आव्हानवीर स्पर्धेनंतर त्याने जाहीर आरोप केला, की सोव्हिएत खेळाडू ठरवून बरोबरी करतात. आरोप हवेतला नव्हता: पेट्रोशियन, केरेस व गेलर यांनी आपापसांतले बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवले होते. अर्थात फिशर पहिल्या क्रमांकापेक्षा साडेतीन गुणांनी मागे होता, आणि तेवढी पिछाडी केवळ कटामुळे पडत नाही. तरी जागतिक बुद्धिबळ महासंघाने पद्धत बदलली आणि पुढे आव्हानवीर थेट लढतींतून ठरू लागला. १९६७ मध्ये ट्युनिशियातील सूस येथे तो आघाडीवर असताना वेळापत्रकाच्या वादातून स्पर्धाच सोडून गेला. हट्ट एकच, एकदा त्याने नियम बदलले, एकदा स्वतःचाच घात केला.

१९७१ मध्ये आव्हानवीर ठरवणाऱ्या लढतींत त्याने तैमानॉव्ह व लार्सन या दोघांनाही ६–० असे हरवले. या पातळीवर असे निकाल लागत नसत. पेट्रोशियनलाही हरवून तो जगज्जेत्या बोरिस स्पास्कीसमोर उभा राहिला.

आइसलँडमधील रेक्याविकची लढत (१९७२) सुरू होण्याआधीच मोडण्याच्या बेतात होती. फिशर उद्‌घाटनाला आलाच नाही. ब्रिटिश धनिक जिम स्लेटर याने बक्षिसाची रक्कम दुप्पट केली, हेन्री किसिंजर यांनी फोन केला, तेव्हा कुठे तो विमानात बसला. पहिल्या डावात बरोबरी समोर दिसत असताना त्याने उंटाने कडेचे प्यादे मारले. तो उंट अडकला आणि डाव गेला. कॅमेऱ्यांच्या आवाजाचे कारण देऊन दुसऱ्या डावाला तो फिरकलाच नाही. ०–२. स्पास्की तिथेच मायदेशी परतला असता, तर किताब त्याच्याकडेच राहिला असता. पण त्याने मंचामागच्या खोलीत, प्रेक्षकांविना खेळायची फिशरची अट मानली. तो तिसरा डाव फिशरने जिंकला. स्पास्कीवरचा त्याचा हा पहिलाच विजय. सहाव्या डावात राजापुढचे प्यादे हलवायची आयुष्यभराची सवय सोडून तो वजिराच्या बाजूने खेळला आणि असा जिंकला, की प्रेक्षकांबरोबर स्पास्कीनेही टाळ्या वाजवल्या. या लढतीत मनाचा मोठेपणा दिसला तो हरणाऱ्याचा.

पुढे सोव्हिएत पथकाने, खुर्चीत किंवा दिव्यांत काहीतरी यंत्र लपवले आहे, अशी तक्रार केली. खुर्च्यांचे एक्स-रे काढले. दिव्यांच्या पेटीत दोन मेलेल्या माश्या मिळाल्या. फिशर १२½–८½ असा जिंकला.

जगज्जेता म्हणून मात्र तो एकही अधिकृत डाव खेळला नाही. १९७५ मध्ये आव्हानवीर कार्पोव्हविरुद्धच्या लढतीसाठी त्याने अटी घातल्या: दहा विजय मिळेपर्यंत अमर्याद डाव, आणि ९–९ झाल्यास किताब जगज्जेत्याकडेच. महासंघाने पहिली अट मानली, दुसरी नाही. फिशरने तडजोड नाकारली आणि एकही चाल न होता कार्पोव्ह जगज्जेता झाला.

१९९२ मध्ये तो युगोस्लाव्हियात स्पास्कीशी ५० लाख डॉलर बक्षिसाची लढत खेळायला अवतरला. युगोस्लाव्हियावरील निर्बंधांमुळे खेळू नये, असे बजावणाऱ्या अमेरिकी सरकारच्या पत्रावर तो पत्रकारांसमोर थुंकला. लढत त्याने जिंकली. मायदेशी त्याच्या अटकेचे वॉरंट निघाले. त्यानंतर तो परत गेलाच नाही. रेडिओवरून तो ज्यूंविषयी विष ओकत राहिला आणि ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याचे त्याने स्वागत केले. आजारी मनाचे लक्षण म्हणून त्याचे चाहते हे पदरात घेतात. पण शब्द त्याचेच होते, आणि ते वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा उच्चारलेले होते.

जगज्जेतेपद गेल्यानंतरच्या काळातली त्याची दोन कामे मात्र टिकली. प्रत्येक चालीमागे काही सेकंद वाढवून देणारे घड्याळ त्याने काढले. आज पुण्या-मुंबईच्या मानांकन स्पर्धांतही ती पद्धत आहे. आणि १९९६ मध्ये त्याने मागच्या रांगेतील सोंगट्या ९६० प्रकारे मांडता येतील असा खेळ मांडला. घोकून आलेल्या चालींना त्याला फाटा द्यायचा होता.

जुलै २००४ मध्ये रद्द झालेल्या पासपोर्टवर प्रवास करताना तो जपानच्या नारिता विमानतळावर पकडला गेला. पुढच्या मार्चमध्ये आइसलँडने त्याला नागरिकत्व दिले. रेक्याविक येथेच तो मूत्रपिंडाच्या विकाराने वारला. सेल्फोसजवळच्या लाउगारडायलिर येथील छोट्या चर्चच्या आवारात त्याला पुरले. २०१० मध्ये एका मुलीच्या पितृत्वाच्या दाव्यासाठी थडगे उघडून नमुने घेण्यात आले. ती त्याची नसल्याचे निष्पन्न झाले.