मेटफॉर्मिन घेताय? ‘ब-१२’ही तपासून घ्या

मधुमेहाचे निदान झाल्यावर बहुतेकांच्या हाती पडणारी पहिली गोळी मेटफॉर्मिनची असते. फ्रान्समध्ये १९५७ च्या सुमारास वापरात आलेले हे औषध स्वस्त आणि परिणामकारक आहे. सुरुवातीला मळमळ, जुलाब, तोंडाला धातूसारखी चव असा त्रास होतो. गोळी जेवणासोबत घेतल्यास तो बहुधा ओसरतो.

काही वर्षांनंतर होणारा दुष्परिणाम मात्र सहसा लक्षात येत नाही. मेटफॉर्मिनमुळे ‘ब-१२’ जीवनसत्त्वाचे आतड्यातील शोषण घटते. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये हा दुष्परिणाम सर्रास आढळणारा असल्याचे सांगितले. मात्रा जितकी जास्त आणि काळ जितका दीर्घ, तितका धोका अधिक. पायांना मुंग्या येणे, तळवे बधिर होणे, थकवा ही त्याची लक्षणे. मुंग्या आणि बधिरपणा मधुमेहाने मज्जातंतूंना होणाऱ्या इजेतही असतात. त्यामुळे ‘शुगरमुळेच होते’ असे म्हणून रुग्ण गप्प बसतात.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण ‘ब-१२’ मुख्यत्वे दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ‘ब-१२’ कमी आढळले होते. त्यात पित्तावर महिनोन्महिने, अनेकदा डॉक्टरांना न विचारताच घेतली जाणारी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोलची गोळी हे शोषण आणखी कमी करते. साध्या रक्तचाचणीत ही कमतरता कळते आणि पूरक गोळ्या वा इंजेक्शनने भरून निघते.

मेटफॉर्मिन मूत्रपिंडावाटे शरीराबाहेर पडते. मूत्रपिंड बरेच निकामी झाले असल्यास ते दिले जात नाही. क्वचित रक्तात लॅक्टिक आम्ल साचून जिवावर बेतू शकते. अति मद्यपानानेही हा धोका वाढतो. छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. अशा उन्हात उलट्या-जुलाबाने शरीरातील पाणी कमी झाल्यास गोळी तात्पुरती थांबवायची का, हे डॉक्टरांना लगेच विचारावे. रंगद्रव्य टोचून सीटी स्कॅन किंवा अँजिओग्राफी करायची असल्यास आपण मेटफॉर्मिन घेतो, हे आधीच सांगावे.

एकट्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोकादायकरीत्या उतरत नाही. पण अनेकांच्या गोळीत त्याच्या जोडीला ग्लिमेपिराइड असते आणि त्याने ती उतरू शकते. एकादशी, नवरात्र किंवा रोजे धरण्यापूर्वी गोळ्यांच्या पाकिटावरील नावे वाचावीत आणि मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.