नव्या संगणकाची वाढीव वॉरंटी : घ्यावी की टाळावी?

संगणकाची किंमत ठरते, बिल तयार होऊ लागते आणि नेमक्या त्याच वेळी विक्रेता विचारतो, ‘एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची ना?’ दुकान पनवेलच्या बाजारातले असो वा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचे, बहुतेक ग्राहक या प्रश्नाचे उत्तर घाईतच देऊन टाकतात. मुलांच्या शिक्षणासाठी किंवा घरून करावयाच्या कामासाठी महिनोन्‌महिने पैसे साठवून संगणक घेणाऱ्या कुटुंबाने मात्र हे उत्तर विचारपूर्वक द्यावयास हवे.

नव्या संगणकासोबत उत्पादकाची वॉरंटी मिळते. ती सहसा एक वर्षाची असते व तिचा खर्च मूळ किमतीतच धरलेला असतो. वाढीव वॉरंटीसाठी स्वतंत्र पैसे मोजावे लागतात. व्यवहाराच्या दृष्टीने तो दुरुस्तीखर्चाचा विमाच होय. ‘तीन वर्षांची वॉरंटी’ म्हणजे पहिल्या वर्षानंतरची तीन वर्षे की पहिले वर्ष धरून तीन, हे आधी विचारून घ्यावे.

गणित कसे मांडावे?

समजा, लॅपटॉप ५० हजार रुपयांचा आहे, पुढील दोन वर्षांच्या वॉरंटीसाठी पाच हजार रुपये मागितले जात आहेत आणि मोठ्या दुरुस्तीला १५ हजार रुपये लागतील. अशा बिघाडाची शक्यता तीनात एक असेल, तरच हा व्यवहार बरोबरीत सुटतो. वॉरंटी विकणाऱ्याला त्यातून नफाही मिळवायचा असल्याने सरासरी ग्राहक दुरुस्तीच्या खर्चाहून अधिक पैसे भरतो, हे उघड आहे. शिवाय निर्मितीतील दोष बहुधा सुरुवातीच्या काळातच दिसून येतात व तो काळ मूळ वॉरंटीत येतो.

तरीही केवळ सरासरीवर निर्णय घेता येत नाही. अचानक १५ हजार रुपये उभे करणे ज्या घराला जड जाईल आणि संगणक बंद पडल्यास ज्यांचे काम वा अभ्यास अडेल, त्यांना हा विमा उपयोगी पडू शकतो. ज्यांना तो खर्च पेलवेल, त्यांनी तेच पाच हजार रुपये दुरुस्तीसाठी बँकेत बाजूला ठेवावेत. बिघाड झाला नाही, तर ते घरातच राहतात.

लॅपटॉप व डेस्कटॉप यांतही फरक आहे. डेस्कटॉपचे सुटे भाग सहज बदलता येतात. जुळवणी करून घेतलेल्या संगणकात तर प्रत्येक भागाची स्वतंत्र वॉरंटी असते. अनेक लॅपटॉपमध्ये मेमरीसारखे भाग मदरबोर्डवरच जोडलेले असतात, त्यामुळे दुरुस्ती महाग पडते. वाढीव वॉरंटीचा विचार करावा तो मुख्यतः लॅपटॉपसाठी.

काय मिळत नाही?

बॅटरीला अनेकदा एकाच वर्षाचे संरक्षण असते. पडझड, पाणी शिरणे व विजेच्या दाबातील चढउतार यांमुळे झालेले नुकसान साध्या वॉरंटीतून सहसा वगळलेले असते. २६ जुलै २००५ च्या पुराचा अनुभव घेतलेल्या पनवेलकरांनी हे कलम नीट वाचावे. अशा नुकसानीसाठी अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. गेलेली माहिती तर कोणतीही वॉरंटी परत आणत नाही. तिची दुसरी प्रत ठेवणे हाच उपाय.

वॉरंटी उत्पादक देतो, दुकान देते की तिसरीच कंपनी, हेही पाहावे. तंत्रज्ञ घरी येणार की संगणक सेवा केंद्रात न्यावा लागणार, हा प्रश्न पनवेलमध्ये महत्त्वाचा ठरतो. जवळचे केंद्र वाशी किंवा मुंबईत असेल, तर हार्बर लोकलच्या गर्दीतून दोन-तीन खेपा घालाव्या लागतील. आपल्या पिनकोडवर घरपोच सेवा मिळते का, याची खात्री लेखी करून घ्यावी.

अनेक उत्पादक मूळ वॉरंटी संपण्यापूर्वी केव्हाही वाढीव वॉरंटी विकत घेऊ देतात. तशी सोय व तिची मुदत कंपनीकडे विचारून ठेवल्यास बिल करतानाच निर्णय घेण्याची सक्ती उरत नाही.

तक्रार कोठे करावी?

पैसे घेऊनही सेवा नाकारली गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते. पनवेलकरांसाठी अलिबाग येथील रायगड जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते व ऑनलाइनही करता येते. त्यासाठी मूळ बिल, वॉरंटीचे प्रमाणपत्र आणि प्रत्येक दुरुस्तीची पावती जपून ठेवावी. ही कागदपत्रे नसतील, तर विकत घेतलेली वॉरंटीही सिद्ध करणे कठीण जाते.