एकट्याची नौका

चिटगुप्प्यापासून समुद्र दूर. तरीही मी आज सागरसाहसाचा इतिहास निवडला आहे. १९६९ साली जॉन फेअरफॅक्स यांनी एकट्याने वल्ही मारीत अटलांटिक ओलांडला. पुढे अशा सफरींतून लोकोपयोगी कार्यांसाठी निधीही उभा राहू लागला. आपले कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून शिडाच्या ‘म्हादेई’तून एकटेच निघाले आणि चार थांबे घेत मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. ती नौका गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी बांधली होती. भर समुद्रात दोंद्यांचा जीव त्या बांधणीच्या सचोटीवर अवलंबून होता. इतिहास एकट्याचे नाव नोंदवितो. बांधणाऱ्याचे आणि निधी देणाऱ्याचे विसरतो. शाळेच्या इतिहासातही असे विस्मरण घडू नये, यासाठीच मी स्मृतिव्याख्यानाचे प्रयोजन मानतो.