एमजीबीचे बुश : आठ तुकडे रबराचे

'बुश' हा शब्द आपल्या मोहल्ल्यातल्या गॅरेजांमध्ये इतका रुळला आहे की तो परका आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. 'आर्मचे बुश गेलेत' असे मिस्त्री म्हणतो आणि गाडीवाला मान डोलावतो. हा शब्द इंग्रजीत आला तो जुन्या डच भाषेतून. तिकडे त्याचा अर्थ डबी किंवा पेटी असा. चाकाच्या तुंब्यात आस फिरतो, लाकूड झिजते, म्हणून आत धातूचे नळकांडे बसवायचे. आपल्या बैलगाडीच्या चाकातही असे लोखंडी नळकांडे असते. म्हणजे शब्द परका असला तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात काम करतो. एमजीबी या ब्रिटिश गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनचे बुश बदलण्याचे इंग्रजी सूचनापत्रक त्याने मला पाठवले आणि ते सोप्या मराठीत करून मागितले. काम दोन पानांचे होते, पण त्यातल्या एका गोष्टीने मला अडवले. साध्या एमजीबीत खालच्या आर्मला आतल्या बाजूने आठ रबरी तुकडे लागतात. त्याच गाडीच्या व्ही-एट प्रकारात त्या जागी चारच बुश लागतात, ते जास्त टिकतात आणि साध्या गाडीतही जसेच्या तसे बसतात. कारखाना एक, आर्म एक, माप एक. मग चांगली वस्तू मोजक्या गाड्यांना आणि साधी वस्तू लाखो गाड्यांना, असे का झाले? हा प्रश्न मिस्त्रीचा नाही, इतिहासाचा आहे.

आधी बुश काय करतो ते पाहू. रस्त्यावर खड्डा आला की पुढचे चाक वर जाते आणि पुन्हा खाली येते. चाक ज्या त्रिकोणी आर्मवर उभे असते, तो आर्म गाडीच्या सांगाड्याशी एका आडव्या दांड्यावर दरवाजाच्या बिजागरीसारखा हलतो. इंग्रजीत या आर्मला कोंबडीच्या छातीतल्या दुपाखी हाडाचे नाव आहे. या बिजागरीत लोखंडावर लोखंड घासू नये आणि रस्त्याचा धक्का थेट स्टिअरिंगपर्यंत पोहोचू नये, म्हणून मध्ये बुश असतो. त्याच्याकडून आपण दोन उलट्या गोष्टी मागतो. आर्मला वर-खाली मोकळे सोड, पण पुढे-मागे सरकू देऊ नकोस. बुश फार मऊ असला तर ब्रेक मारताच चाक किंचित मागे ढकलले जाते, गाडी एका बाजूला ओढते आणि टायर वेडेवाकडे झिजतात. फार कडक असला तर प्रत्येक खडा हाताला जाणवतो. बुशाचा सगळा इतिहास म्हणजे या दोन टोकांमधली ओढाताण आहे.

सुरुवातीच्या मोटारींत ही जागा पितळेसारख्या धातूच्या बुशांची होती. त्यांना वारंवार ग्रीस द्यावे लागे. ग्रीस चुकले की बुश खडखडू लागे. रबराने ही कटकट संपवली. 1839 मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची रीत सापडली आणि 1844 मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. 1876 मध्ये हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराच्या झाडाचे सुमारे 70,000 बी लंडनच्या क्यू उद्यानात आणले. त्यांतल्या थोड्याच बियांना अंकुर फुटले. ती रोपे सिलोनला आणि पुढे मलायाला गेली आणि त्यांतून ब्रिटिश साम्राज्याचे रबरमळे उभे राहिले. त्या मळ्यांत चीक काढणारे हात मोठ्या प्रमाणात तमिळनाडूतून नेलेल्या मजुरांचे होते. बोटभर रुंदीच्या रबरी कड्यात एवढी माणसे मावलेली असतात.

आता एमजीबीकडे येऊ. ही गाडी 1962 मध्ये इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली. सिड एनेव्हर हा तिचा मुख्य रचनाकार. इंजिन 1,798 सीसीचे, ज्या कुळातले 1,489 सीसीचे इंजिन आपल्या अॅम्बेसेडरला मिळाले त्याच कुळातले. म्हणजे दिसायला राजकुमारी असलेली ही दोन आसनी गाडी नात्याने आपल्या सरकारी अॅम्बेसेडरची बहीण लागते. 1980 मध्ये अॅबिंग्डनचा कारखाना बंद झाला तोवर पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या होत्या.

पण तिचे पुढचे सस्पेन्शन तिच्याहून जुने आहे. त्याची कहाणी सुरू होते ती इझमीरमध्ये, म्हणजे त्या काळच्या स्मर्ना शहरात. अॅलेक इसिगोनिसचा जन्म तिथे 1906 मध्ये झाला. वडील ग्रीक वंशाचे पण ब्रिटिश नागरिक, आई जर्मन. सप्टेंबर 1922 मध्ये मुस्तफा कमालच्या फौजा स्मर्नात शिरल्या आणि काही दिवसांत शहर पेटले. आपल्या खिलाफत चळवळीच्या इतिहासात ही घटना तुर्कांचा विजय म्हणून येते. भायखळ्याच्या खिलाफत हाऊसशी ज्यांच्या आजोबा-पणजोबांचा संबंध होता, त्यांच्या घरी तो आनंदाचा दिवस होता. त्याच दिवसांत पंधरा वर्षांचा अॅलेक आईवडिलांबरोबर घरदार सोडून ब्रिटिश जहाजाने माल्टाला निघाला होता. वडील पुढे माल्टातच वारले आणि आई मुलाला घेऊन इंग्लंडला गेली. इतिहास शिकवताना मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. एकाच तारखेला एका घरात मिठाई वाटली जाते आणि दुसऱ्या घराला कुलूप लागते. दोन्ही खरे असते.

हा मुलगा लंडनच्या बॅटर्सी पॉलिटेक्निकमध्ये शिकला. गणितात तो तीनदा नापास झाला, त्यामुळे पदवीऐवजी पदविकेवर थांबला. 1936 मध्ये तो मॉरिस कंपनीत लागला आणि सस्पेन्शनच्या कामाला जुंपला गेला. पुढे याच माणसाने मॉरिस मायनर आणि मिनी या गाड्या घडवल्या आणि त्याला 'सर' हा किताब मिळाला. मॉरिसमध्ये जॅक डॅनियल्स या सहकाऱ्याबरोबर त्याने पुढच्या चाकांसाठी स्वतंत्र सस्पेन्शन आखले. त्यात खाली आर्म, मध्ये गुंडाळी स्प्रिंग आणि वर धक्का शोषणाऱ्या डॅम्परचाच हात आर्म म्हणून वापरलेला. युद्ध आले आणि आराखडा मागे पडला. 1947 च्या एमजी वाय सलूनमध्ये तो प्रथम दिसला, तिथून टीडीत गेला, 1955 च्या एमजीएत गेला आणि 1962 मध्ये एमजीबीत. शरीर बदलले, इंजिन बदलले, पण पुढच्या चाकांची ही बिजागरी तीच राहिली. म्हणून एमजीबीसाठी आलेला चांगला बुश तिच्या आधीच्या एमजीएतही बसतो.

साध्या एमजीबीतला बुश दोन अर्ध्यांचा असतो. आर्मच्या भोकात एका बाजूने एक रबरी टोपी आणि दुसऱ्या बाजूने दुसरी. एका आर्मला अशी दोन भोके, दोन चाकांची मिळून चार, म्हणून तुकडे आठ. ही रचना स्वस्त आहे आणि हातानेही बसते. नव्या गाडीत ती मऊ आणि सुखद वाटते. पण रबर नुसते दाबलेले असल्यामुळे ते हळूहळू चेपते, कडेने बाहेर येते आणि इंजिनाचे तेल ठिबकत राहिले तर फुगून सडते. मग खड्ड्यावर ठक-ठक सुरू होते.

व्ही-एटची गोष्ट वेगळी. इंग्लंडमध्ये केन कॉस्टेलो नावाचा एक रेसिंग ड्रायव्हर आणि मिस्त्री होता. त्याने आपल्या वर्कशॉपमध्ये एमजीबीत रोव्हरचे साडेतीन लिटरचे अॅल्युमिनियम व्ही-एट इंजिन बसवायला सुरुवात केली. बड्या कंपनीने त्याची गाडी मागवून पाहिली आणि मग 1973 मध्ये स्वतःची एमजीबी जीटी व्ही-एट बाजारात आणली. छोट्या वर्कशॉपने वाट दाखवली आणि नाव कारखान्याचे झाले. ताकद वाढली तेव्हा आठ तुकड्यांचा मऊ बुश पुरणार नव्हता. म्हणून या गाडीला एकसंध बुश दिले गेले, रबराला पोलादी नळीचे कवच असलेले. असे काम करणाऱ्या लेस्टरच्या मेटलास्टिक कंपनीचे नाव आजही त्या प्रकारच्या बुशांना चिकटलेले आहे. पोलादात अडकल्यामुळे रबर कडेने पळू शकत नाही. 1976 पर्यंत अशा 2,591 गाड्या तयार झाल्या आणि उत्पादन थांबले. साध्या एमजीबी त्यानंतरही चार वर्षे निघत राहिल्या, त्याच आठ तुकड्यांवर.

माझ्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे असे मला वाटते. एका गाडीमागे वाचलेले काही पेन्स पाच लाख गाड्यांनी गुणले की मोठी रक्कम होते, आणि बुश झिजतो तो गाडी विकली गेल्यावर, दुसऱ्याच्या अंगणात. उरलेली सुधारणा मग मालकांनी आणि मिस्त्रींनी केली. कारखान्याच्याच कपाटातला चांगला भाग काढून साध्या गाडीत बसवला. जगभर जुन्या एमजीबीची ही पहिली सुधारणा समजली जाते, आणि ती नव्या शोधातून आलेली नाही.

तिसरा पर्याय पॉलियुरेथेनचा. 1937 मध्ये जर्मनीतल्या लेव्हरकुझेन येथे ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे द्रव्य शोधले. त्याचे रंगीत बुश आज सर्रास मिळतात. तेलाने ते सडत नाहीत, कडक असतात आणि वळणावर गाडी नेमकी चालते. पण रबर पिळले जाते, पॉलियुरेथेन घासत फिरते. त्याला योग्य ग्रीस लागते, नाहीतर ते कुरकुर करते. शर्यतीच्या गाडीला ते शोभते. आपल्या रस्त्यांवर रोज फिरणाऱ्या जुन्या गाडीला पोलादी कवचाचा रबरी बुश अधिक मानवतो.

बसवण्याच्या कामात दोन गोष्टी जिवाच्या आहेत. पहिली, दाबलेली स्प्रिंग. ती जॅकने हळूहळू मोकळी केली नाही तर माणूस जायबंदी होतो. दुसरी गोष्ट साधी दिसते पण तिच्यावरच नव्या बुशाचे आयुष्य ठरते. बुश साबणाच्या पाण्याने ओला करून व्हाइसमध्ये दाबून बसवायचा, तेल लावायचे नाही. सगळे जोडायचे, पण दांड्याचे नट शेवटचे आवळायचे नाहीत. गाडी आधी खाली उतरवायची, तिचे वजन चाकांवर येऊ द्यायचे आणि मगच नट कसायचे. गाडी जॅकवर लटकत असताना नट कसले तर रबर त्या लटकत्या स्थितीत पकडले जाते. गाडी खाली येताच ते कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. वस्तू उत्तम, पण कसण्याची वेळ चुकली, म्हणून सगळे वाया.

हे ज्ञान आपल्याकडे उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी जाते. 'आधी उतरव, मग कस' एवढेच उस्ताद सांगतो. शागिर्द ते आयुष्यभर पाळतो, पण का ते त्याला कुणी सांगत नाही, कारण उस्तादालाही कुणी सांगितलेले नसते. माझ्या शाळेतली काही मुले दर वर्षी नववी-दहावीनंतर गॅरेजात जातात. समाज त्यांना 'शिकला नाही' म्हणतो. इसिगोनिस पंधराव्या वर्षी बेघर झाला, गणितात तीनदा आपटला, तरी त्याच्यासमोर पॉलिटेक्निकचा दरवाजा उघडा होता आणि पुढे कारखान्यातला आराखड्याचा फळा होता. आमच्या मुलाच्या हातात हुनर आहे. गॅरेजातून आयटीआयकडे आणि तिथून पदविकेकडे जाणारी वाट कागदावर आहे, पण त्याच्या घरी ती कुणी समजावून सांगितलेली नाही. हे काम शिक्षकांचे आहे, मशिदीच्या कमिटीचे आहे, मोहल्ल्यातल्या शिकलेल्या माणसांचे आहे.

त्या पत्रकाच्या मराठीत मी एक ओळ वाढवली. नट शेवटी का कसायचे, याचे कारण दोन वाक्यांत लिहिले. मूळ इंग्रजीत फक्त हुकूम होता. कारण कळलेल्या मुलाला पुढच्या गाडीचे पत्रक मागावे लागणार नाही.